टाकी बदलण्याआधी गळती नेमकी कुठे आहे ते शोधा

तुमचा प्रश्न असा: टाकीतला फ्युएल पंप बदलल्यानंतर गाडीत पेट्रोलचा वास येऊ लागला, खाली थेंब दिसले. गॅरेजवाले आता टाकी आणि पाइप सगळंच बदला म्हणतात. त्यासाठी मुदत ठेव मोडावी, की गाडी विकून कर्जावर नवी घ्यावी?

आज यातलं काहीच करू नका. पेट्रोल कुठून गळतंय हे अजून कोणी पाहिलेलंच नाही.

आधी नसलेली गळती दुरुस्तीनंतर लगेच सुरू झाली, तर पहिला संशय जिथे हात लागला तिथेच घ्यावा. पंपाच्या तोंडाशी रबरी सील असतं. ते जुनंच परत बसवलं किंवा बसवताना पिळलं गेलं, तर टाकी भरल्यावर वरून पेट्रोल झिरपतं. पाइपची क्लिप अर्धवट बसली तरी तेच. आठवून पाहा: टाकी निम्म्यावर आल्यावर वास कमी झाला होता का? तसं असेल तर दोष वरच्या भागात असण्याची शक्यता जास्त. इंजिन चालू असतानाच थेंब पडत असतील तर इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरकडे जाणारी दाबाची लाइन तपासायला हवी. पेट्रोल कमी असताना, उभ्या गाडीतूनही टपकत असेल, तरच टाकीच्या तळावर संशय घेण्यात अर्थ आहे. आणि थेंब पडतो त्याच्या बरोबर वरच भोक असतं असंही नाही, पेट्रोल ओघळत लांबवर येतं.

हे फक्त आठवणीतून सांगा, पुन्हा गाडी सुरू करून बघू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते आणि एका ठिणगीने पेटते. गाडी बंद जागेत ठेवू नका, टो करूनच न्या. इथे पैसे वाचवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

बिल घेऊन आधी त्याच गॅरेजकडे जा आणि केलेल्या कामाची मोफत फेरतपासणी लेखी मागा. नकार मिळाला तर दुसरीकडे फक्त निदानाचे पैसे द्या, फोटो आणि लेखी अहवाल घ्या. टोइंग आणि तपासणी दोन्ही आपत्कालीन निधीतून करा, तो अशाच वेळेसाठी असतो.

विकायची झाली तरी गळती खरेदीदाराला सांगावीच लागेल, आणि तो बहुधा दुरुस्तीपेक्षा जास्तच रक्कम किमतीतून कापेल. म्हणून आधी दुरुस्ती. टाकी खरोखर गंजून गेली असेल, तर तो एकदाचा खर्च नव्या गाडीच्या वर्षभराच्या हप्त्यांशेजारी मांडून बघा. बाकी गाडी धडधाकट असेल तर मी दुरुस्तीच निवडेन. निधी कमी पडलाच, तर पूर्ण ठेव मोडण्याआधी ठेवीवर कर्ज मिळतं का, हे बँकेत विचारा.