काचबिंदूच्या शस्त्रक्रियेने गेलेली नजर परत येते का?

नाही. काचबिंदूत, बहुधा डोळ्यातील वाढलेल्या दाबामुळे, डोळ्याच्या मज्जातंतूची झालेली हानी कोणतीही शस्त्रक्रिया भरून काढू शकत नाही, आणि मोतीबिंदूच्या अनुभवावरून तशी आशा धरून आलेल्या रुग्णाला हे आधीच स्पष्ट सांगणे, हे माझ्या मते नेत्रशल्यविशारदाचे सर्वांत अवघड काम असते. ट्रॅबेक्युलेक्टॉमी या काचबिंदूच्या शस्त्रक्रियेत वरच्या पापणीखाली, बुबुळाच्या कडेशी, डोळ्यातील द्रव झिरपण्यासाठी झडपेसारखी बारीक वाट केली जाते, ज्यामुळे दाब उतरतो आणि उरलेली नजर टिकण्याची शक्यता वाढते. ही वाट व्रणाने बुजू शकते, म्हणून नंतरच्या तपासण्या (कंटाळवाण्या असल्या तरी) चुकवू नयेत. दाब कमी ठेवण्यासाठी रोज डोळ्यात घालायच्या थेंबांना मात्र पर्याय आहे: २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ‘लाइट’ चाचणीत सुरुवातीलाच लेझर उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के रुग्णांचा दाब तीन वर्षांनंतरही थेंबांविना आटोक्यात होता.