जुन्या हॉलिवूडमधल्या कोणत्या अभिनेत्याचं म्हणावं तसं चीज झालं नाही, असं तुम्हाला वाटतं?

रॉबर्ट रायन. दुसरं नाव माझ्या तोंडी येतच नाही.

बोगार्ट किंवा जेम्स स्ट्युअर्ट यांचे सिनेमे न पाहिलेल्यांनाही त्यांचे चेहरे माहीत असतात. रायनला बरेच जण ‘द वाइल्ड बंच’मध्ये टोळीचा पाठलाग करणारा माणूस म्हणून ओळखतात, आणि तिथेच थांबतात. आम्हा चाहत्यांना याचं वाईट वाटतं, कारण त्याचं खरं काम त्या सिनेमाच्या आधीच्या वीस वर्षांत आहे.

‘द सेट-अप’ (1949) घ्या. स्टोकर टॉमसन हा पस्तिशीचा, उतरणीला लागलेला बॉक्सर. मॅनेजरने गुंडाकडून पैसे घेऊन त्याची लढत परस्पर विकली आहे आणि त्याला ते सांगितलेलंही नाही, कारण हा हरणारच याची सगळ्यांना खात्री. सिनेमा जेमतेम सव्वा तासाचा, आणि गोष्टही तेवढ्याच वेळात घडते. रायन डार्टमथ कॉलेजात असताना हेवीवेट बॉक्सर होता, त्यामुळे रिंगमधला त्याचा घाम आणि थकवा खोटा वाटत नाही. पण मला सगळ्यात जास्त आवडतो तो ड्रेसिंग रूमच्या खिडकीतला प्रसंग. समोरच्या हॉटेलात त्याची खोली दिसते. मी आज लढत बघायला येणार नाही, असं बायको म्हणाली आहे. एवढ्यात त्या खोलीतला दिवा मालवतो, म्हणजे ती निघाली! तो एक शब्द बोलत नाही, नुसता चेहरा सैल पडतो, डोळ्यांत पोरासारखा आनंद येतो. पुढे रिंगमध्ये उतरल्यावर तो तिची खुर्ची शोधतो आणि ती रिकामी असते, तेव्हा त्याच चेहऱ्याचं काय होतं ते स्वतःच पाहा. या सिनेमाच्या डीव्हीडीवर दिग्दर्शक रॉबर्ट वाइज यांच्या जोडीला मार्टिन स्कॉर्सेसी यांचंही भाष्य आहे. तेही मुद्दाम ऐकण्यासारखं आहे.

द्वेषाने पछाडलेली माणसं रायनइतकी समजून कुणी केली नाहीत, असं माझं ठाम मत आहे. ‘क्रॉसफायर’मधला (1947) त्याचा माँटगमरी ज्यूद्वेष्टा खुनी आहे, पण तो डोळे वटारत फिरत नाही. पोलिसांशी अदबीने, मनमोकळं बोलतो आणि बोलता बोलता वाक्याच्या शेवटी विष सांडतं. त्याचं ऑस्करचं एकमेव नामांकन याच भूमिकेसाठी. ‘ऑन डेंजरस ग्राउंड’मध्ये तो संशयिताला मारणारा पोलीस आहे. हात उगारताना त्याच्या चेहऱ्यावर जवळजवळ विनवणी असते, की मला हे करायला लावू नका. अशा माणसाची दया यावी म्हणून रायन कधी धडपडत नाही, पण त्याच्या आतली भीती आणि लाज लपवतही नाही.

प्रत्यक्षात माणूस अगदी उलटा. अण्वस्त्रविरोधी चळवळीत आणि कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्यात तो उघडपणे उभा राहिला. 1951 साली पत्नी जेसिका आणि इतर काही पालकांसोबत त्याने लॉस एंजेलिसमध्ये ओकवुड ही शाळा सुरू केली. ‘ऑड्स अगेन्स्ट टुमॉरो’ (1959) हा तर कृष्णवर्णीय गायक-अभिनेता हॅरी बेलाफाँटेच्या स्वतःच्या कंपनीचा सिनेमा. त्यात रायन वर्णद्वेष्टा दरोडेखोर झाला, तो बेलाफाँटेच्याच समोर. प्रतिमेची काळजी करणाऱ्या नटाने असल्या भूमिका इतक्यांदा घेतल्या नसत्या. लोकप्रियतेत तो मागे पडला त्याचं एक कारण मला हेच वाटतं.

शेवटचं मोठं काम ‘द आइसमन कमेथ’ (1973). यूजीन ओनीलचं नाटक, जवळजवळ चार तासांचा सिनेमा, आणि रायन लॅरी स्लेडच्या भूमिकेत. मरणाची वाट बघतोय असं सांगणारा आणि आतून जगण्याला चिकटलेला हा माणूस. रायन तेव्हा खरोखरच कर्करोगाने आजारी होता. जुलै 1973 मध्ये तो गेला आणि सिनेमा त्यानंतर लागला. नॅशनल बोर्ड ऑफ रिव्ह्यू या अमेरिकेतल्या चित्रपटविषयक संस्थेने सर्वोत्कृष्ट अभिनेता म्हणून अल पचिनोच्या जोडीने त्याची निवड केली.

तुम्ही सुरुवात ‘द सेट-अप’पासून करा. ‘आइसमन’ला मात्र एक अख्खी मोकळी संध्याकाळ द्या.