वडिलांची ८ एमएमची रिळं सापडली आहेत. प्रोजेक्टरवर लावून मोबाइलने शूट केली तर चालेल का?

तुम्ही लिहिलं आहे की वडिलांच्या पेटीत ८ एमएमची नऊ रिळं निघाली, त्यातल्या एका डब्याला आंबट वास येतोय, सोबत जुना प्रोजेक्टर आहे आणि त्याचा बल्बही लागतो. भिंतीवर चित्र पाडून मोबाइलने शूट करावं की लॅबमध्ये द्यावं, आणि नंतर एआयने ‘४के’ करून घ्यावं का, हा तुमचा प्रश्न.

प्रोजेक्टर सध्या लावूच नका. बल्ब लागतोय म्हटल्यावर हात शिवशिवतात, मला माहीत आहे. आमच्या आजोबांची रिळं सापडली तेव्हा आम्ही त्याच संध्याकाळी भिंतीवर चादर ताणून बसलो होतो. दुसऱ्याच मिनिटाला फिल्म आत अडकली आणि प्रोजेक्टरचे दात कडेच्या भोकांवर घासत राहिले. यंत्र बंद करेपर्यंत हातभर फिल्म फाटली होती. हातभर म्हणजे ८ एमएममध्ये जवळपास १२० फ्रेम, सातेक सेकंद. त्या सात सेकंदांत माझे वडील रांगत होते. रांगणं अजून दिसतं, पण काही फ्रेमवरून चीर गेली आहे आणि ती कुठल्याच सॉफ्टवेअरने पूर्ण गेली नाही.

असं का होतं ते सांगते. ज्या पारदर्शक पट्टीवर चित्राचा थर असतो ती घरगुती फिल्ममध्ये बहुतेक वेळा सेल्युलोज ॲसिटेटची असते, आणि ती वर्षं जातात तशी आकसते. प्रोजेक्टरचे दात मात्र नव्या फिल्मच्या मापाचे. फिल्म १ टक्क्याच्या वर आकसली की दात भोकांत नीट बसत नाहीत आणि कड फाडत जातात. हे घरीच मोजता येतं. त्याच प्रकारच्या नव्या फिल्मचा किंवा लीडरचा (रिळाच्या सुरुवातीला जोडायच्या कोऱ्या पट्टीचा) तुकडा मिळवा, जुन्या फिल्मशेजारी टेबलावर सपाट ठेवा, पहिलं भोक पहिल्याशी जुळवा आणि १०० भोकं मोजा. शंभराव्यापाशी जुनी फिल्म एका पूर्ण भोकाच्या अंतराने मागे पडली असेल तर ती १ टक्का आकसली आहे. अर्ध्या अंतराने पडली असेल तर अर्धा टक्का. आमचं रीळ एकच्या पुढे गेलेलं निघालं, पण असं मोजायचं असतं हे आम्हाला ते फाटल्यावर कळलं.

फिल्म कोडाक्रोम, म्हणजे कोडॅकची रंगीत फिल्म, असेल तर प्रोजेक्टर टाळायला आणखी एक कारण आहे. कोडाक्रोमचे रंग अंधारात दशकानुदशकं टिकतात, पण प्रोजेक्टरच्या दिव्याखाली ते लवकर उडतात. तुमच्या वडिलांच्या पेटीतल्या अंधाराने जे जपलं आहे ते दिव्यापुढे पुन्हापुन्हा नेऊ नये. कोडाक्रोम ओळखायची एक खूण आहे. फिल्मची मंद, म्हणजे न चकाकणारी बाजू उजेडात तिरकी धरून भिंगातून बघा. चित्राचा उठाव दिसतो, अगदी कोरल्यासारखा. मी पहिल्यांदा तसं धरलं तेव्हा रंग दिसायच्या आधी नुसत्या त्या उंचसखलपणातून आजोबांच्या सायकलचं चाक ओळखू आलं होतं.

आता तो आंबट वासाचा डबा. तो आजच बाकीच्या आठांपासून वेगळा, दुसऱ्या खोलीत ठेवा. याला व्हिनेगर सिंड्रोम म्हणतात. ॲसिटेटचं विघटन होताना ॲसेटिक आम्ल सुटतं, आणि तेच आम्ल पुढच्या विघटनाला वेग देतं. शेजारच्या रिळांनाही त्याची बाधा होते. एकदा सुरू झालं की ते थांबत नाही, थंडाव्यात आणि कोरड्या हवेत फक्त मंदावतं. डबा घट्ट बंद करून तसाच ठेवू नका, आम्ल आतच कोंडतं. किती बिघडलंय हे नाकाने नीट कळत नाही. त्यासाठी अमेरिकेतल्या रॉचेस्टर इथल्या इमेज परमनन्स इन्स्टिट्यूटने बनवलेल्या ए-डी पट्ट्या मिळतात. डब्यात एक पट्टी घालून साधारण दिवसभर ठेवायची. ती निळीची हिरवी आणि हिरवीची पिवळी होत गेली की आम्ल वाढलंय असं समजायचं. पट्टी मिळाली नाही तरी हरकत नाही. वास येतोय एवढं पुरे आहे. ते रीळ सगळ्यांत आधी स्कॅनला जाऊ द्या, मग त्यावर काहीही असो. बाकीची थांबू शकतात, ते थांबू शकत नाही.

लॅबशी बोलण्याआधी रिळं कोणत्या प्रकारची आहेत ते पाहून घ्या, कारण ‘८ एमएम’मध्ये दोन वेगळ्या गोष्टी येतात. कोडॅकने १९३२ मध्ये आणलेली रेग्युलर ८ आणि १९६५ मध्ये आलेली सुपर ८. रेग्युलरची भोकं मोठी आणि दोन फ्रेमच्या मधल्या रेषेवर असतात. सुपर ८ ची भोकं बारीक आणि फ्रेमच्या बरोबर मध्यावर असतात, त्यामुळे चित्राला जवळपास दीडपट जागा मिळते. भोकं पट्टीच्या मधोमध असतील तर ती पाथेची ९.५ एमएम आहे, तिला वेगळं यंत्र लागतं. कडेला तपकिरी रेघ दिसली तर ती आवाजाची चुंबकीय पट्टी असू शकते. आवाज टिपणाऱ्या सुपर ८ फिल्मच्या कार्ट्रिज (कॅमेऱ्यात घालायच्या बंद डब्या) कोडॅकने १९७३ मध्ये आणल्या. तशी रेघ असेल तर लॅबला आवर्जून सांगा, कारण बरीच यंत्रं फक्त चित्र स्कॅन करतात आणि आवाज कायमचा मागे राहून जातो. शिवाय अशा पट्टीच्या फिल्मला व्हिनेगर लवकर धरतं.

घरी साफ करायच्या भानगडीत फार पडू नका. पाणी तर अजिबात लावू नका. चित्राचा थर जिलेटिनचा असतो, बुरशी तेच खाते, आणि बुरशी लागलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. ओल्या फडक्याच्या एका फेरीत माणसं पुसली जातात. कोरड्या मऊ ब्रशने कडेची धूळ झटकली तर पुरे, तीही मास्क लावून, कारण बुरशीची धूळ श्वासात घ्यायची नसते. रीळ चिकटलं असेल, पापुद्रे सुटत असतील, तर ओढून उलगडू नका. जसं आहे तसं लॅबला द्या.

भिंतीवर पाडून मोबाइलने शूट करायचं म्हणाल तर फिल्म धडधाकट असली तरीही मी नकोच म्हणेन. सुपर ८ साधारण सेकंदाला १८ फ्रेमने चालते आणि प्रोजेक्टरचा शटर प्रत्येक फ्रेम तीनदा झाकतो-उघडतो, म्हणजे सेकंदाला ५४ झपके. मोबाइल सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेम टिपतो. दोन्हींचा मेळ बसत नाही आणि चित्र लपलपत राहतं. मधोमध दिव्याचा पांढरा डाग पडतो, कोपरे काळवंडतात आणि सावल्यांतलं सगळं बुडतं. घरी वापरायची छोटी स्कॅनिंग यंत्रंही मिळतात. ती फ्रेम एकेक करून टिपतात हे चांगलं, पण त्यातली बरीचशी चित्र फार दाबून साठवतात आणि आपणहून कडा धारदार करतात. नुसतं कोणत्या रिळात काय आहे हे बघायला ठीक. जपून ठेवायची प्रत त्यावर करू नये असं माझं मत आहे.

लॅब निवडताना मात्र दाराशी थांबून नीट चौकशी करा. या कामात मी सगळ्यांत जास्त पस्तावले ती इथेच. पहिल्या वेळी आम्ही एका ठिकाणी रिळं दिली, डीव्हीडी मिळाली, सगळे खूश झाले. पण आजोबा दुडूदुडू धावताहेत असं वाटायचं. ‘जुन्या काळी असंच असायचं’ म्हणून आम्ही सोडून दिलं. नंतर हिशोब केला. रेग्युलर ८ चं ५० फुटांचं रीळ म्हणजे ४००० फ्रेम. ते सेकंदाला १६ फ्रेमने चाललं पाहिजे, म्हणजे ४ मिनिटं १० सेकंद. आमच्या डीव्हीडीवर ते २ मिनिटं ४० सेकंदांत संपत होतं. प्रत्येक फ्रेम सरळ सेकंदाला २५ या वेगाने लावली होती. आजोबा शांत, सावकाश चालणारे गृहस्थ होते. त्यांची चाल आम्ही कित्येक वर्षं चुकीची पाहिली.

त्याच प्रतीत त्यांनी कडाही कापल्या होत्या. एका दृश्यात वडील, वय वर्षभर, डगमगत पडद्याच्या डाव्या कडेकडे जातात आणि तिथे काहीच नसतं. पुढे दुसऱ्या लॅबने फ्रेम पूर्ण, भोकांपर्यंतच्या जागेसकट स्कॅन केली तेव्हा त्या कडेवर एक हात दिसला. मनगटात बांगड्या, बोटं पुढे केलेली. आजीचा हात. आमच्याकडे आजीचं चलत्चित्र एवढंच आहे.

म्हणून लॅबला हे स्पष्ट विचारा. फिल्म दातांनी ओढली जाते की नुसत्या रोलरवरून जाते? आकसलेल्या फिल्मसाठी दात नसलेलं यंत्रच हवं. स्कॅन एकेका फ्रेमचा होतो ना? कडांसकट पूर्ण फ्रेम मिळेल ना? मूळ वेगाची फाइल देणार ना? रंग न सुधारलेली, धारदार न केलेली, दाणे (फिल्मचा मूळचा रवाळपणा) न पुसलेली कच्ची प्रत वेगळी मिळेल ना? यातल्या कशालाही ‘त्याची गरज नसते’ असं उत्तर आलं तर रिळं परत घेऊन निघा. ८ एमएमला २के, म्हणजे रुंदीत साधारण दोन हजार ठिपक्यांचं चित्र, पुरतं. फिल्मच्या दाण्यापलीकडे तपशीलच नसतो, त्यामुळे ‘४के’ या शब्दावर भाळू नका. त्यापेक्षा प्रकाशाची रेंज महत्त्वाची आहे. कोडाक्रोमच्या सावल्या फार गडद असतात, आणि प्रत्येक फ्रेम दोन वेगळ्या एक्स्पोजरला टिपणारा स्कॅनर असेल तर त्या काळोखातून चेहरे बाहेर येतात. ओरखडे खूप असतील तर वेट-गेटबद्दल विचारा. त्यात स्कॅन होताना फिल्म एका द्रवात असते, तो द्रव पारदर्शक पट्टीच्या बाजूच्या ओरखड्यांत भरतो आणि ते दिसेनासे होतात. चित्राच्या थरावर गेलेले ओरखडे मात्र त्याने जात नाहीत.

फाइल प्रोरेस ४२२ एचक्यू (ProRes 422 HQ) या कमी दाबलेल्या व्हिडिओ प्रकारात घ्या, किंवा लॅबला जमत असेल तर एफएफव्ही१ (FFV1) मध्ये, ज्यात एक कणही गमावला जात नाही. सुपर ८ चं ५० फुटांचं रीळ २के प्रोरेसमध्ये ५ जीबीच्या आसपास जातं. घरच्यांना पाठवायला एमपी४ वेगळी करा, पण तीच एकमेव प्रत ठेवू नका. दोन वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या कुणाच्या घरी, इतकं तरी हवंच.

एआयबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. धूळ काढणं, चित्र स्थिर करणं, उडालेला रंग परत जागेवर आणणं, हे सगळं करा, मीही करते. पण ८ एमएमच्या फ्रेममध्ये लांब उभ्या माणसाचा चेहरा दहा-बारा ठिपक्यांचा असतो. त्याला ‘स्पष्ट’ करायला सांगितलं की सॉफ्टवेअर डोळे, नाक, ओठ स्वतः रचतं. मी आजोबांच्या धाकट्या भावाच्या एका दृश्यावर करून पाहिलं. चेहरा सुरेख आला. आत्याने पाहिला आणि म्हणाली, “हा कोण?” तिचे काका तिला अंधूक चित्रात उभं राहण्याच्या ढबीवरून लगेच ओळखू आले होते. ती फाइल मी पुसून टाकली. सेकंदाला १८ फ्रेमच्या ६० करणं हेही तसंच, मधल्या हालचाली कुणी केलेल्याच नसतात.

स्कॅन झाल्यावर रिळं फेकू नका. तीच मूळ प्रत आहे, आणि दहा वर्षांनी यापेक्षा चांगला स्कॅनर येईल. गंजलेल्या पत्र्याच्या डब्यांतून काढून हवा खेळेल अशा पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकच्या डब्यांत, घरातल्या सगळ्यांत थंड आणि कोरड्या जागी आडवी ठेवा. पोटमाळा आणि स्वयंपाकघराला लागून असलेली कपाटं टाळा. जुन्या डब्यांवर वडिलांच्या अक्षरात काही लिहिलं असेल तर त्याचे फोटो आधी काढा, रिळाच्या क्रमांकासकट.

आणि एक काम लॅबची वाट न बघता सुरू करा. तुमच्या घरात त्या काळातलं जे माणूस आहे, काका, मावशी, कुणीही, त्यांच्याशी बोलून वेळ ठरवून ठेवा. फिल्म मुकी असेल तर नावं फक्त त्यांच्याकडे आहेत. आम्ही आत्याला लॅपटॉपसमोर बसवलं, शेजारी मोबाइलवर आवाजाचं रेकॉर्डिंग लावलं आणि आजोबांचं ते ४ मिनिटांचं रीळ थांबवत थांबवत दाखवलं. ती पाऊण तास बोलत होती. तो आवाज आता त्या चित्राला दुसरा ट्रॅक म्हणून जोडला आहे. कडेवरचा हात आला तिथे ती थोडा वेळ काहीच बोलत नाही, मग बांगड्या कुठल्या होत्या ते सांगते.