राजवधूचा टिआरा : आधी हिरा की आधी मस्तक?

प्रश्न : राजघराण्यातील वधूसाठी हिऱ्यांचा नवा टिआरा, म्हणजे डोक्यावर घालायचा अर्धमुकुटासारखा दागिना, घडवताना आरेखनाची सुरुवात मुख्य हिऱ्यापासून होते का? आणि एवढा जड दागिना तासन्‌तास डोक्यावर टिकतो कसा?

उत्तर : हिऱ्यापासून सुरुवात झाल्याची उदाहरणे आहेत. ब्रिटनच्या राणी मेरी यांना 1893 मध्ये विवाहानिमित्त भेट मिळालेला हिऱ्यांचा ब्रोच मध्यभागी बसवता यावा, अशा बेताने त्यांचा पट्टीवजा टिआरा 1932 मध्ये घडवण्यात आला. 2018 मध्ये मेगन मार्कल यांनी ब्रिटनचे राजपुत्र हॅरी यांच्याशी झालेल्या विवाहात घातला तो हाच. नव्या टिआऱ्याची सुरुवात मात्र वधूच्या मस्तकापासून व्हावी, असे आमचे मत आहे. डोक्याचा घेर, कपाळाची रुंदी, केशरचना आणि तलम अवगुंठन नेमके कोठे टाचले जाणार, हे ठरल्याखेरीज उंची ठरवता येत नाही. शिवाय कागदावर सपाट रेखाटलेली नक्षी कमानीत वळवली की समोरून पाहताना कडांना आक्रसलेली दिसते, म्हणून कच्चा नमुना घडवून तो प्रत्यक्ष डोक्यावर ठेवून पाहणे अत्यावश्यक असते. मधला हिरा अवाजवी मोठा असला, तर पाहणाऱ्याला वधूचा चेहरा दिसतच नाही, हा दोषही तेव्हाच लक्षात येतो.

वजनाचे म्हणाल, तर 5 कॅरट म्हणजे 1 ग्रॅम; त्यामुळे 100 कॅरट हिऱ्यांचेही वजन अवघे 20 ग्रॅम भरते. खरा भार धातूचा असतो. पूर्वी हिरे चांदीत जडवून पाठीला सोने देत असत. विसाव्या शतकाच्या आरंभी प्लॅटिनम रुळले. हा धातू मुळात जड असला, तरी इतका चिवट असतो की अगदी बारीक तारांचे कोंदणही हिरे घट्ट धरते. पट्टीला केसांच्या रंगाची मखमली फीत गुंडाळतात आणि तिच्यातून पिना खोवतात, म्हणजे टिआरा घसरत नाही.

चौकटीची हेळसांड मात्र परवडत नाही. 1919 मध्ये घडवलेल्या झालरीच्या (हिऱ्यांच्या उभ्या दांड्या झालरीसारख्या लावलेल्या) टिआऱ्याची चौकट 20 नोव्हेंबर 1947 रोजी, ब्रिटनच्या राजकन्या (पुढे राणी) एलिझाबेथ यांच्या विवाहाच्या ऐन सकाळी मोडली आणि जवाहिऱ्याकडून ती तातडीने दुरुस्त करून आणावी लागली. हाच टिआरा चौकटीवरून उतरवून गळ्यातही घालता येतो. नव्या आरेखनातही अशी सोय मागून घ्यावी, कारण टिआरा मिरवण्याचे प्रसंग राजघराण्यातही मोजकेच असतात.