बाळ पायाळू आहे म्हणाले? आधी एवढंच बघ

बत्तिसाव्या आठवड्यात बाळाचं डोकं वर दिसलं म्हणून एवढी धास्ती घेऊ नकोस गं. बहुतेक बाळं 36 आठवड्यांपर्यंत आपणहून फिरतात. दिवस पूर्ण भरल्यावर शंभरात तीन-चारच तशी राहतात.

सध्या तीन गोष्टी पुरेत:

- 36व्या आठवड्याच्या सुमारास पोझिशन पुन्हा तपासून घे.
- तेव्हाही डोकं वरच असेल तर ‘ईसीव्ही’बद्दल स्वतःहून विचार. डॉक्टर पोटावर दोन्ही हात ठेवून, एका हाताने बाळाचं बूड वर ढकलत, दुसऱ्याने डोकं वळवत त्याला कोलांटी घ्यायला लावतात. आधी सोनोग्राफी, ठोक्यांची नोंद, बऱ्याचदा गर्भाशय सैल पडायचं औषध. दुखू शकतं, पण काही मिनिटांचंच काम. साधारण निम्म्या वेळा जमतं. वार खाली असेल तर करत नाहीत. तुझा रक्तगट निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना तशी आठवण करून दे.
- पाणी गेलं तर कळांची वाट बघू नकोस, तडक हॉस्पिटल गाठ. पायाळू बाळात नाळ आधी खाली सरकायचा धोका जास्त असतो.

गुडघे-छातीच्या आसनाने बाळ फिरतं याला ठोस पुरावा नाही. डॉक्टर हो म्हणाले तर कर, चक्कर आली की थांब.

आणि कुणी कितीही अनुभवी म्हणवत असलं तरी घरी पोट चोळून बाळ फिरवून घ्यायचं नाही. हे मात्र अजिबात नाही!

सिझेरियन की नॉर्मल, ते 36व्या आठवड्यानंतर बोलू.