वाचकांचे प्रश्न : तिसऱ्या बारीक का झाल्या?

प्रश्न : आमच्या खाडीत बायका अजूनही सुकतीला (ओहोटीला) तिसऱ्या, म्हणजे वाळूत रुतून राहणारे खायचे शिंपले, काढतात, पाट्या भरून आणतात. पण बाजारातल्या वाट्यात माल बारीक दिसतो. खाडीतला माल खरंच कमी झालाय, की हा नुसता भास आहे? (एक वाचक, रत्नागिरी तालुका)

उत्तर : पाटी भरली यावरून काही ठरत नाही. ती भरायला किती वेळ लागला आणि किती लांब जावं लागलं, ते विचारा. तिसऱ्या खाडीभर सारख्या नसतात, पट्ट्यापट्ट्याने असतात, आणि काढणाऱ्यांना ते पट्टे पाठ असतात. एक रिकामा झाला की दुसरा धरतात. त्यामुळे तासाला मिळणारा माल वर्षानुवर्षं तसाच दिसतो, आणि शेवटचा पट्टा संपला की एकदम कोसळतो. आकार मात्र त्याच्या आधीच उतरायला लागतो, कारण मोठ्या तिसऱ्या आधी उचलल्या जातात. तेव्हा तुमची शंका रास्त आहे.

आठवणीवर मात्र फार विसंबू नका. प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी पाहिलेला माल म्हणजेच भरलेली खाडी समजते, हे मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी 1995 मध्ये मांडलं. सरकारी आकडेही इथे फारसे कामाला येत नाहीत. ते मुख्यतः बंदरावर उतरणाऱ्या मासळीचे असतात; हाताने काढून दारोदार विकलेल्या तिसऱ्या त्यात क्वचितच येतात. त्यापेक्षा घराच्या परसात किंवा शिंपले भाजून चुना करायच्या जुन्या भट्टीपाशी पडलेल्या शिंपल्यांचा आकार मोजा. फक्त भट्टीला मोठे शिंपले निवडून नेले असतील, हे धरून चाला.

प्रश्न : कमी खर्चात आम्हालाच मोजणी करता येईल का? (त्याच खाडीकाठचे एक शिक्षक)

उत्तर : येईल. पीव्हीसी पाइपची आतून 50 × 50 सेंमी भरणारी चौकट करा. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरची मोठी सुकती पकडा. काठापासून पाण्याच्या कडेपर्यंत सरळ दोरी ताणा आणि तिच्यावर सारख्या अंतराने 10 ठिकाणी चौकट टाका. दर ठिकाणची वाळू 15 सेंमी खोल काढून 5 मिमीच्या चाळणीत धुवा. प्रत्येक तिसरीची आडवी लांबी व्हर्निअर कॅलिपरने मोजा, 5 मिमीच्या गटांत लिहा आणि जिवंत माल त्याच जागी परत पेरा. दहा चौकटी मिळून क्षेत्र होतं 2.5 चौ. मी.; म्हणजे 60 तिसऱ्या मिळाल्या तर चौरस मीटरला 24.

चूक होते ती चौकट टाकताना. हात आपोआप ‘चांगल्या’ जागेकडे जातो. अंतर आधी ठरवा आणि जिथे येईल तिथेच खणा, खाली नुसता चिखल असला तरी. दुसरी चूक म्हणजे एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा मे महिन्यात मोजून दोन्हींची तुलना करणं. दर वर्षी तोच महिना, तशीच सुकती हवी.

कारण शोधायचं तर गटांकडे बघा. बारीक पिल्लं भरपूर पण मोठ्या नाहीत, तर उचल जास्त आहे. मोठ्या आहेत पण पिल्लंच नाहीत, तर बीज (नवी पिल्लं) तळाला बसत नाही : वाळूउपशाने तळ खरवडला गेला असेल, किंवा बांधामुळे भरतीचा जोर घटून गाळ साचला असेल. दोन्ही शिंपा अजून जोडलेल्या, पण आत रिकाम्या अशा बऱ्याच मिळाल्या, तर मरतुक आहे. पावसात खाडीचं पाणी फार गोडं झालं की ती येते.

प्रश्न : काही महिने बंदी घातली तर माल वाढेल का?

उत्तर : उचल हेच कारण असेल तर वाढेल. केरळातल्या अष्टमुडी कायलात (खाऱ्या पाण्याच्या सरोवरात) 1991 मध्ये वर्षाला 10,000 टनांपर्यंत गेलेलं तिसऱ्यांचं उत्पादन 1993 पर्यंत निम्म्यावर आलं. मग डिसेंबर ते फेब्रुवारी हा प्रजननकाळ बंद ठेवला, जाळीचा आस (छिद्राचा आकार) किमान 30 मिमी केला, यंत्राने काढणं थांबवलं आणि निर्यातीच्या गोठवलेल्या मांसात किलोला 1400 पेक्षा जास्त नग नकोत असं ठरवलं. उत्पादन सावरलं, आणि 2014 मध्ये तिथल्या मासेमारीला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचं (एमएससी) शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं. पुढे त्याच कायलात दक्षिण अमेरिकेकडचा चारू शिंपला पसरला. बाहेरून आलेल्या अशा शिंपल्याला बंदीचे महिने कोण शिकवणार?

तिथले महिने जसेच्या तसे उचलू नका. आपल्या खाडीतल्या मोठ्या तिसऱ्या दर महिन्याला थोड्या उघडून, मांस कधी भरतं आणि कधी सैल पडतं ते आधी टिपा. महाराष्ट्रातली जून-जुलैची बंदी यांत्रिक नौकांना आहे, हाताने तिसऱ्या काढण्याला नाही. तेव्हा हा नियम गावालाच ठरवावा लागेल. आणि सगळी खाडी बंद करण्यापेक्षा दाट असा एक पट्टा कायमचा राखा. तिसऱ्यांचं बीज पाण्यातच फळतं. नर-मादी विरळ पसरले तर ते वाया जातं.

प्रश्न : तिसऱ्या घटल्या, पण कालवं वाढलेली दिसतात. हे कसं?

उत्तर : कालवांना चिकटायला टणक जागा लागते, तिसऱ्यांना रुतायला मऊ वाळू. धक्के आणि दगडी बांध जितके वाढले तितकी कालवांची जागा वाढली. मात्र सांडपाण्याच्या तोंडाजवळची कालवं खायला काढू नका.