प्लेटांचं शेजारपण

मागच्या अंकात कर्नाटकातल्या पावगडच्या सोलर पार्कविषयी ओझरतं लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली पाच इथे घेतो आहे. मी बारा वर्षं सौर प्रकल्पांच्या साइटवर काढली, त्यातली सात देखभालीत. तेव्हा मधूनमधून माझ्या तोंडून कंपनीची बाजू बोलेल, तेवढी वजा करून वाचा.

प्रश्न : आमच्या शिवाराला लागून मोठा प्रकल्प झाला. तारा आमच्या डोक्यावरून जातात, पण आमची लाइट जायची ती जातेच. एवढी वीज शेजारी तयार होऊन आम्हाला का नाही?

कारण ती तुमच्या शेजारी तयार होते, तुमच्या तारेत येत नाही. सौर प्लेटांमधून निघते ती डीसी, म्हणजे बॅटरीतल्यासारखी एकाच दिशेने वाहणारी वीज. इन्व्हर्टर तिची एसी, म्हणजे घरात येते तशी वीज करतो, मग ट्रान्सफॉर्मर दाब वाढवतो आणि मोठ्या प्रकल्पाची वीज बहुधा २२० केव्हीच्या लाइनने ग्रिडमध्ये निघून जाते. तुमच्या घरातला दिवा गावच्या उपकेंद्रातून निघणाऱ्या ११ केव्हीच्या फीडरवर असतो. त्या फीडरची तार तुटली किंवा डीपी जळाली, तर शेजारी दोन हजार मेगावॉट असले तरी पंखा बंदच. धरणाच्या भिंतीखालच्या गावात नळाला पाणी नसतं, त्यातलाच प्रकार.

लोक चिडून प्रकल्पाच्या फाटकावर येतात. मी त्या फाटकाच्या आतल्या बाजूला उभा राहिलेलो आहे. साइट इन-चार्जच्या हातात यातलं काहीही नसतं, अर्ज वितरण कंपनीकडेच द्यावा लागतो. शेतीला दिवसा वीज हवी असेल, तर खेड्याच्या उपकेंद्रालाच जोडलेले छोटे प्रकल्प जास्त कामाचे. पीएम-कुसुम योजनेच्या ‘अ’ घटकात २ मेगावॉटपर्यंतचे असे प्रकल्प बसतात आणि ते शेतकऱ्यांनाही उभारता येतात.

प्रश्न : कंपनीचा माणूस जमीन भाड्याने मागतो आहे. ‘पावगडला शेतकऱ्यांचं सोनं झालं’ असं सांगतो. करार करावा का?

पावगडची गोष्ट खरी आहे, पण ती पुरती ऐका. कर्नाटकातल्या तुमकुरू जिल्ह्यातला हा कायम दुष्काळी तालुका. भुईमूग पेरायचा आणि आभाळाकडे बघत बसायचं. तिथे पाच गावांच्या शिवारात सुमारे १३,००० एकरांवर २,०५० मेगावॉटचा पार्क उभा राहिला. २०१८ च्या मार्चमध्ये उद्घाटन झालं आणि २०१९ च्या अखेरीस तो पूर्ण झाला. सरकारने जमीन विकत घेतली नाही की संपादितही केली नाही. सुमारे २,३०० शेतकऱ्यांकडून २८ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली. सुरुवातीचं भाडं एकरी वर्षाला २१,००० रुपये, दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ. पाऊस पडो न पडो, पैसे खात्यात आणि जमीन नावावर. पाणी नसलेल्या माळाला हा सौदा वाईट नाही, हे मी कोणापुढेही म्हणेन.

आता त्या ५ टक्क्यांकडे बघा. वाढ दोन वर्षांनी आहे, म्हणजे वर्षाला जेमतेम अडीच टक्के. गणित मांडलं तर शेवटच्या दोन वर्षांत भाडं साधारण ३९,६०० रुपयांवर पोचतं, दुप्पटसुद्धा नाही. रिझर्व्ह बँकेचं महागाईचं लक्ष्यच ४ टक्के आहे. महागाई नेमकी तेवढीच राहिली, तरी आज शंभराला मिळणारी वस्तू २८ वर्षांनी तीनशेला जाते. पहिल्या वर्षी जड वाटणारा चेक नातवाच्या हातात पडेल तेव्हा बराच हलका झालेला असेल. म्हणून कंपनीच्या माणसाशी घासाघीस करायची ती पहिल्या वर्षाच्या आकड्यावर कमी आणि वाढीच्या टक्क्यावर जास्त. गावात मी नेमकं उलटं होताना बघितलं आहे. एकरी पाचशे रुपयांसाठी तीन बैठका झाल्या, आणि वाढीचं कलम कोणी वाचलंही नाही.

करार नोंदणीकृतच करा. जमिनीवर कर्ज काढायचा अधिकार कंपनीला देता आहात का, हे वकिलाकडून वाचून घ्या. विहीर किंवा बागायत असेल, तर मी तरी ती जमीन देणार नाही. सोलरला माळ चालतो, उसाला चालत नाही.

प्रश्न : आम्हाला जमीन नाही. मजुरी आणि पंचवीस मेंढरं, एवढंच. चरायचा माळ कुंपणात गेला. फायदा झाला तो जमीनवाल्यांचा, आमचं काय?

या महिन्यातलं सगळ्यात खरं पत्र हे. पावगडलाही हीच तक्रार झाली. भाडं मालकाला मिळालं, आणि ज्यांचे हात त्या शेतात राबत होते त्यांची खुरपणी-काढणी गेली. प्रकल्पाचे फायदे गावात आपोआप पाझरत नाहीत. जे कागदावर असतं तेवढंच मिळतं, आणि तो कागद तयार होताना तुमच्यासारखा माणूस खोलीत नसतो.

रोजगाराचं आधी सांगतो. माझ्या एका ५० मेगावॉटच्या साइटवर उभारणीच्या आठ महिन्यांत चारशेच्या वर माणसं होती. खांब ठोकणं, प्लेटा चढवणं, केबलसाठी चर खणणं. वीज सुरू झाली आणि उरली चाळीस. त्यातले निम्मे पहारेकरी. तेव्हा ‘हजारो नोकऱ्या’ असं कोणी सभेत म्हणालं, तर उभारणीनंतर किती, एवढं एकच विचारा.

पण ती चाळीस माणसं गावचीच असावीत, हा आग्रह धरता येतो. गवताचंच घ्या. पावसाळ्यानंतर गवत प्लेटेच्या खालच्या कडेला टेकतं. एवढ्याशा सावलीने त्या प्लेटेची वीज घटते आणि तिच्याबरोबर सगळ्या ओळीची खाली ओढली जाते. उन्हाळ्यात तेच गवत वाळून पेटतं. आम्ही हौसेने गवत कापायची मशीन आणली. तिच्या पात्याने उडालेल्या खड्यांनी एका आठवड्यात अकरा प्लेटांच्या काचा तडकल्या. काच फुटून पडत नाही, कोळ्याचं जाळं पसरावं तशी जागच्या जागी चिरते. मशीन गोडाऊनला गेली आणि शेजारच्या वस्तीवरच्या बायका विळे घेऊन आल्या. पुढची चार वर्षं गवत त्यांच्याकडेच होतं. कापलेला चारा त्यांनीच न्यायचा, असं ठरलं. ते तोंडी ठरलं होतं. मॅनेजर बदलला आणि नव्या मॅनेजरने चारा ठेकेदाराला विकला. चूक माझीही. तेव्हाच लिहून घ्यायला हवं होतं.

आता मेंढरांचं. चीनच्या चिंगहाई प्रांतात माळरानावर प्रचंड सौर प्रकल्प झाला. प्लेटांच्या सावलीने आणि धुतलेल्या पाण्याने तिथे गवत इतकं माजलं की आसपासच्या पशुपालकांना मेंढ्या घेऊन आत बोलवावं लागलं. गवत कापायचा खर्च वाचला, त्यांना चराई मिळाली. तुमच्याकडेही हे मागता येईल. फक्त मेंढीच हं, शेळी नाही. शेळी प्लेटेवर चढते आणि केबल चावते, कोणताही इंजिनिअर तिला आत घेणार नाही. प्लेटेची खालची कड मेंढीच्या पाठीच्या वर राहील एवढी उंच हवी आणि केबल बांधलेली. हे आराखडा कागदावर असतानाच बोलावं लागतं, खांब ठोकल्यावर उपयोग नाही. कुंपणाबाहेरून जुनी पाऊलवाट राखून ठेवणं तर त्याहून सोपं, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

पाण्याकडेही लक्ष ठेवा. माझ्या त्या ५० मेगावॉटच्या साइटवर दीड लाख प्लेटा होत्या. प्लेटेला दोन लिटर धरले तरी एका धुण्याला तीन लाख लिटर, म्हणजे दहा हजारांचे तीस टँकर, महिन्यातून दोनदा. ते गावच्या बोअरमधून येणार असेल, तर फायद्या-तोट्याचा हिशेबच बदलतो. राजस्थानात भडलासारख्या वाळवंटी भागात कोरड्या ब्रशचे रोबो प्लेटा झाडतात, पाणी लागत नाही. ग्रामसभेत ठराव करायचाच असेल तर आधी याचा करा.

आणि घरात दहावी-आयटीआय झालेलं पोर असेल, तर ‘सूर्यमित्र’ प्रशिक्षणाची चौकशी करा. केंद्राच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचा हा कार्यक्रम २०१५ पासून आहे. विळ्यापेक्षा मल्टिमीटरचा पगार बरा असतो.

प्रश्न : प्लेटांमुळे उष्णता वाढते, पाऊस पळतो, किरणं बाधतात, असं गावात बोललं जातं. खरं काय?

किरणं नाहीत. पाऊसही पळत नाही, तो पूर्वीही पळतच होता. उष्णतेत मात्र तथ्य आहे. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात केलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत, प्रकल्पाच्या आतली रात्रीची हवा मोकळ्या वाळवंटापेक्षा ३ ते ४ अंशांनी गरम आढळली. कुंपणापासून दूर जाल तसा हा फरक विरतो. घर अगदी कुंपणाला लागून असेल, तर मध्ये झाडांची रांग मागा. ती प्लेटांपासून एवढी लांब हवी की सावली पडणार नाही, नाहीतर कंपनीच पुढे छाटून टाकेल.

प्रश्न : पंचवीस वर्षांनी या प्लेटांचं काय? आमच्या शेतात भंगार सोडून गेले तर?

२०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर प्लेटा आल्या आहेत. त्या उकिरड्यावर टाकता येत नाहीत, जबाबदारी उत्पादकांवर ठेवली आहे. पण नियम प्लेटेचा आहे, तुमच्या जमिनीचा नाही. जमिनीत उरतात ते काँक्रीटमध्ये गाडलेले खांब, एकरी शेकड्यांनी. ते उपटून खड्डे बुजवून द्यायचे, आणि त्यासाठी अमुक रक्कम वेगळ्या खात्यात पहिल्यापासून ठेवायची, हे करारात हवं. पंचवीस वर्षांत कंपनीची मालकी दोनदा बदललेली असते, तेव्हा तोंडी शब्द कोणाकडे घेऊन जाणार?

तोवर एक करा. तडकलेली प्लेट फुकट मिळाली म्हणून गोठ्यावर टाकू नका. चिरलेल्या काचेखाली ती जिवंतच असते, ऊन पडलं की वीज देते आणि पावसात ओली झाली की चौकटीतही उतरवते. आमच्या पहारेकऱ्याने खोपीवर अशीच एक टाकली होती, वर मिरच्या वाळत घालायचा. एका सकाळी पत्र्याला हात लागला आणि चटका बसून तो मागे फेकला गेला. वाचला. त्याच दिवशी स्टोअरमागच्या सगळ्या फुटक्या प्लेटा मी उलट्या करून, काच जमिनीकडे, ताडपत्रीखाली ठेवल्या.